मुक्काम कोठे करावा?

प्रवासाला निघणाऱ्या मराठी कुटुंबापुढे पूर्वी दोन प्रश्न असत : गाडी किती वाजताची, आणि उतरायचे कोणाकडे. पहिल्याचे उत्तर वेळापत्रकात सापडे, दुसऱ्याचे नात्यागोत्यात. क्षेत्राच्या ठिकाणी जायचे असले तर तेवढीही विवंचना नसे. नाशिकला किंवा पंढरपूरला उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही सापडली की आपले बिऱ्हाड कोणत्या वाड्यात पडणार हे ठरूनच गेलेले असे.

आता यात्रांची ठिकाणे बदलली आहेत. शाळेला सुट्टी लागली की मुले ज्या यात्रेचा हट्ट धरतात, तीत देव नसतो. पाळणे असतात, पाण्याच्या घसरगुंड्या असतात आणि माणसाला उलटे टांगून फिरवणारी यंत्रे असतात. अशा ठिकाणांना थीम पार्क म्हणतात. मुंबईकरांना हे नवे नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि दोन पिढ्यांच्या आठवणीत राहून २०२२ साली बंद पडले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ पासून आहे. पण मुंबई-पुण्याचा माणूस खोपोलीला सकाळी जातो आणि रात्री घरच्या अंथरुणावर येऊन पडतो. मुक्कामाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो बंगळूरच्या ‘वंडरला’ला जाताना. उद्यान एका दिवसाचे, पण त्यासाठी शहरात तीन-चार रात्री काढायच्या, आणि मध्यम मिळकतीच्या घराला त्या रात्रींचा हिशोब जपून करावा लागतो. आज त्या हिशोबाविषयी बोलायचे आहे.

प्रथम हे उद्यान आहे तरी कोठे, ते पाहू. बंगळूरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या मध्यापासून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरवर, बिडदी गावाच्या अलीकडे ते वसले आहे. केरळातील उद्योजक कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी यांनी कोचीला २००० साली असेच एक उद्यान काढले होते. बंगळूरचे २००५ साली उघडले. ज्याला आपण सहज ‘बंगळूरचे वंडरला’ म्हणतो ते वस्तुतः बंगळूर शहरात नाही, आणि मुक्कामाची निम्मी फसगत या एका शब्दातून होते. संगणकावर किंवा फोनवर ‘बंगळूर’ असे लिहून खोली शोधली की स्वस्त म्हणून जी पहिली दहा ठिकाणे समोर येतात, त्यांतील एखादे विमानतळाजवळ असते आणि एखादे व्हाइटफील्डला. विमानतळ शहराच्या उत्तरेस, देवनहळ्ळीकडे. व्हाइटफील्ड पूर्वेच्या टोकाला. आणि उद्यान नैर्ऋत्येस. बंगळूरच्या रस्त्यांवर संध्याकाळी सहानंतर जो गेला आहे, त्याला या तीन दिशांचा अर्थ अधिक फोड करून सांगावा लागत नाही.

अंतराचे रूपांतर पैशात कसे होते ते पाहण्यासारखे आहे. उद्यान सकाळी अकराला उघडते. आठवड्यातील कामाच्या दिवशी सहाला आणि शनिवार-रविवारी व सणासुदीला सातला बंद होते. म्हणजे साध्या दिवशी हाती येतात ते सात तास. तिकीट मोठ्या माणसाला हजार रुपयांच्या पुढेच पडते. मुलांचे तिकीट वयावर ठरत नाही, उंचीवर ठरते. चौघांच्या कुटुंबाचा हा एका दिवसाचा खर्च साध्या लॉजच्या दोन रात्रींहून सहसा अधिक होतो. आता समजा, खोली चारशे रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणून आपण शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरलो आणि उद्यानाच्या दारात पोहोचायला एक वाजला. सात तासांपैकी दोन तास गेले. तिकिटाचा चौथा हिस्सा, नव्हे त्याहूनही थोडा अधिक, रस्त्यावर सांडला. शिवाय टॅक्सीचे भाडे वेगळेच. ते वाचलेले चारशे रुपये कोठे गेले हे मग विचारायचे कारण उरत नाही. खोलीचे भाडे एकटे वाचू नये. भाडे, जाण्यायेण्याचा खर्च आणि जाण्यायेण्यात जाणारा वेळ हे तिन्ही आकडे एका कागदावर मांडावेत आणि मग स्वस्त-महाग ठरवावे.

उद्यानाशेजारी वस्ती करण्याची कल्पना अमेरिकेत कशी वाढली याची कथा मोठी बोधक आहे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्यांच्या हाती जमीन होती सुमारे एकशे साठ एकर. उद्यान चालू लागताच कुंपणाबाहेर प्रवासी निवासांची रांग उभी राहिली आणि पाहुण्यांच्या रात्रींचा पैसा इतरांच्या गल्ल्यात जाऊ लागला. पुढे फ्लोरिडात दुसरे उद्यान काढायचे ठरले तेव्हा सत्तावीस हजार एकरांच्या आसपास जमीन आधीच घेऊन ठेवण्यात आली. १९७१ साली ते उघडले ते स्वतःच्या हॉटेलांसह. माणूस खेळायला येतो तो दिवसा, आणि खर्च करतो तो दिवसरात्र, हे तेथील व्यापाऱ्यांनी फार लवकर ओळखले. बिडदीला तशी रांग उभी राहिली नाही. आजूबाजूला शेते, खेडी आणि कारखाने. उद्यानाचे स्वतःचे निवासस्थान २०१२ साली झाले.

कारखान्यांचा उल्लेख आला म्हणून जाता जाता सांगतो. बिडदीच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचा जो सर्वांत मोठा कारखाना आहे, त्याच्या नावात जपानी ‘टोयोटा’च्या शेजारी ‘किर्लोस्कर’ हे नाव आहे. मिरज-कुंडलच्या बाजूचा प्रवासी ते नाव रस्त्यात वाचतो तेव्हा त्याला परक्या प्रांतात आल्यासारखे वाटत नाही. या वसाहतीमुळे बिडदीत साधी लॉजेही आहेत. पण ती मुख्यतः कामानिमित्त येणाऱ्या माणसांसाठी. मुलांना घेऊन जाणाऱ्याने खोली आधी विचारून, शक्य तर पाहून घ्यावी.

शहरात कोणा आप्ताकडे उतरावे काय? मराठी माणसाचे बंगळुराशी नाते जुने आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने केम्पेगौडाकडून हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांचा मुक्काम त्यानंतर बरीच वर्षे येथे होता, पण तो जहागिरीच्या जोरावर. आपल्याला भाडे द्यावे लागते. भावसार आणि नामदेव शिंपी समाजातील कुटुंबे जुन्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आता त्यांच्या जोडीला संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणारी आपली भाचरे-पुतणे आली. भाची व्हाइटफील्डला दोन खोल्यांच्या घरात राहते. ‘मामा, तुम्ही लॉजवर उतरलात तर मी बोलणार नाही’ असे ती म्हणते, आणि मनापासून म्हणते. तिचे मन मोडू नये. पहिल्या रात्री तिच्याकडे जावे, घरचे लाडू तिच्या हाती द्यावेत, तिच्या मुलाला आपल्या मुलांबरोबर उद्यानात घेऊन जावे. पण ज्या दिवशी उद्यानाला जायचे त्याच्या आदल्या रात्री मुक्काम व्हाइटफील्डला ठेवू नये. मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपासून पश्चिमेच्या चल्लघट्टपर्यंत थेट जाते हे खरे. ९ ऑक्टोबर २०२३ पासून ती अखंड झाली. पण हा प्रवास त्रेचाळीस किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्याला सुमारे दीड तास लागतो. तेथून उद्यान पुढे आणखी दहा-बारा किलोमीटर.

याच मार्गिकेने मात्र स्वस्त मुक्कामाचा नकाशा बदलून टाकला आहे. तिच्यापूर्वी बंगळुरात काटकसरीने राहणे म्हणजे मॅजेस्टिक असे समीकरण होते. मॅजेस्टिक हे एका जुन्या चित्रपटगृहाचे नाव. ते आता मध्यवर्ती बसस्थानकाच्या साऱ्या परिसराला चिकटले आहे. रेल्वेचे मुख्य स्थानक, म्हणजे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानक, समोरच. शेजारी गांधीनगर. येथील गल्ल्यांतून लॉजांची इतकी दाटी आहे की रात्री दोनला गाडीतून उतरणाऱ्यालाही खोली मिळते. या स्थानकासमोर उतारूंची सोय करण्याची परंपराही जुनी. गुब्बी तोटदप्पा नावाच्या एका व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवाशांसाठी येथे धर्मशाळा बांधली. कानडीत धर्मशाळेला ‘छत्र’ म्हणतात. आपण तो शब्द अन्नछत्रापुरता राखून ठेवला. त्यांनी निवाऱ्यालाही तोच दिला.

मॅजेस्टिकच्या लॉजांचा एक गुण असा, की त्यांतील पुष्कळांत दिवस चोवीस तासांचा धरतात. खोलीत जेव्हा पाऊल टाकाल तेव्हापासून चोवीस तास. मोठ्या हॉटेलांत दिवस दुपारी बाराला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला संपतो. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने येणारा माणूस चोवीस तासांचा प्रवास करून सकाळी उतरतो. त्याला दुपारपर्यंत कोठे बसावे हा प्रश्न पडतो, नाहीतर अर्ध्या दिवसाचे जादा भाडे भरावे लागते. तेव्हा भाडे विचारताना ‘दिवस किती वाजता बदलतो?’ हे आधी विचारावे. दोन मुले त्याच खोलीत राहिली तर जादा गादीचे किती, हे त्यानंतर. आणि गरम पाणी केव्हा मिळते, हे अगत्याने विचारावे. पुष्कळ लॉजांत ते सकाळी दोन-तीन तासच येते. पण दिवसभर पाण्यात डुंबून, ओल्या केसांनी, संध्याकाळच्या गार वाऱ्यात परतलेल्या मुलाला गरम पाणी हवे असते ते रात्री आठला. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर आहे. डिसेंबरात तेथील संध्याकाळ मुंबईच्या संध्याकाळीसारखी नसते.

रेल्वेने जाणाऱ्यांना आणखी एक सूचना. बंगळुरात रेल्वेची स्थानके अनेक आहेत. काही गाड्या यशवंतपूरला थांबतात, तर काही पूर्वेकडच्या नव्या सर विश्वेश्वरय्या टर्मिनलला. हे टर्मिनल २०२२ साली सुरू झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणाऱ्या दारांची योजना करणाऱ्या अभियंत्याचे नाव वाचून आपल्याला आनंद होतो. परंतु गांधीनगरात खोली घेतली असेल तर तो आनंद रिक्षाच्या भाड्यात थोडा उणा होतो, कारण मेट्रोचे स्थानक अगदी दारात नाही. तिकीट काढतानाच शेवटचे स्थानक वाचून घ्यावे.

तर मग मॅजेस्टिकलाच उतरावे का? एकच रात्र राहणाऱ्याने जरूर. पण तीन रात्री राहणाऱ्या कुटुंबाला मी थोडे पश्चिमेस सरकायला सांगेन. मॅजेस्टिकहून चल्लघट्टकडे जाताना विजयनगर, राजराजेश्वरीनगर आणि केंगेरी ही वस्तीची ठिकाणे लागतात. केंगेरीपर्यंत मेट्रो २०२१ च्या ऑगस्टअखेर पोहोचली. येथे बसस्थानकाचा कोलाहल नाही, रात्री मुले झोपतात, खाली भाजीवाला आणि औषधांचे दुकान असते. शहर पाहायचे तर मेट्रोने अर्ध्या-पाऊण तासात मॅजेस्टिक. उद्यानाला जायचे तर शहराची सारी गर्दी आधीच पाठीमागे राहिलेली. ‘केंगेरी बस टर्मिनल’ या नावाचे मेट्रो स्थानक बसस्थानकाला लागूनच आहे. तेथून बिडदीकडे जाणाऱ्या बस मिळतात. रिक्षाने जायचे ठरले तर नव्या द्रुतगती मार्गाच्या मुख्य भागावर रिक्षांना ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे, ती बाजूच्या रस्त्याने जाते, हे ध्यानात ठेवून वेळ धरावा.

बसच्या तिकिटाविषयी आपल्या भगिनींचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. कर्नाटकात त्याच वर्षीच्या ११ जूनपासून महिलांना साध्या सरकारी बसमधून प्रवास विनामूल्य आहे. पण तो कर्नाटकाच्या रहिवाशांना. कंडक्टर ओळखपत्र पाहतो. तेव्हा आसपासच्या साऱ्या बायकांना फुकट तिकीट मिळाले आणि आपल्याला पैसे द्यावे लागले, तर त्यात अन्याय काही नाही.

स्वतःच्या मोटारीने कोल्हापूर-बेळगावच्या रस्त्याने येणाऱ्यांची गोष्ट निराळी. तुमकूर रस्त्याने शहरात शिरण्यापूर्वीच उजवीकडे ‘नाइस रोड’ नावाचा पथकराचा रस्ता फुटतो आणि शहराला वळसा घालून थेट म्हैसूर रस्त्यावर आणून सोडतो. त्यांनी शहराचे तोंडही न पाहता केंगेरीला किंवा बिडदीला मुक्काम करावा. पथकर भरावा लागतो, पण तो देऊन दोन तास विकत घेता येतात.

उद्यानाच्या स्वतःच्या निवासस्थानाविषयी लोक विचारतात. ते महाग आहे, आणि तीन रात्री तेथे राहणे काटकसरीत बसत नाही. परंतु एक रात्र? ज्यांच्याबरोबर सत्तरीच्या आजी आहेत किंवा तीन वर्षांचे मूल आहे, त्यांनी या एका रात्रीचा विचार अवश्य करावा. आजींना दुपारी दोनला थकवा आला तर त्यांना चार पावलांवर खोलीत नेऊन निजवता येते. तो दिवस त्यांच्या दृष्टीने वाया जात नाही आणि सुनेचाही जात नाही. दोन रात्री साध्या लॉजवर आणि एक रात्र तेथे, अशी विभागणी केली की बेरीज फार बिघडत नाही.

आता एका गोष्टीवर मात्र माझे मत जरा आग्रहाचे आहे. अलीकडे स्वयंपाकघरासकट घर भाड्याने मिळते. चौघांची दोन वेळची जेवणे बाहेर घेण्यापेक्षा घरी शिजवले तर पैसे वाचतात, हे गणित बिनचूक आहे. प्रश्न एवढाच, की शिजवणार कोण? वर्षभर जिने सकाळी सहाला गॅस पेटवला, तिने बंगळुरातही सहाला उठून पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे आणि संध्याकाळी परत आल्यावर कुकर चढवायचा, तर सुट्टी तिघांची झाली. चौथीची फक्त बदली झाली. त्यातून उद्यानात बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणजे डब्याचाही उपयोग नाही. घर भाड्याने घ्यायचेच असेल तर पुरुषांनी आणि मुलांनी पाळ्या लावून घ्याव्यात आणि त्या निघण्यापूर्वी लावाव्यात. नाहीतर सरळ लॉज घ्यावे आणि न्याहरीला ‘दर्शिनी’ गाठावी. उभ्याने खायची ही स्वच्छ उपाहारगृहे बंगळुरात जागोजाग आहेत. इडली, वडा, खारा भात आणि पितळी पेल्यातली कॉफी. उद्यानाच्या दिवशी अशी भरपेट न्याहरी झाली की आतली महाग खाणी दुपारी तीनपर्यंत लांबवता येतात. बिडदीची ‘तट्टे इडली’ तर प्रसिद्धच आहे. तट्टे म्हणजे ताट, आणि ती इडली छोट्या ताटलीएवढीच असते.

केव्हा जावे, यावरही खोलीचे भाडे फिरते, आणि येथे महाराष्ट्राच्या मुलांना एक अनपेक्षित लाभ आहे. कर्नाटकातील शाळांची मधली सुट्टी दसऱ्याची, आपली दिवाळीची. तेथील शाळा उन्हाळ्यानंतर मेच्या अखेरीस भरू लागतात. आपल्या जूनच्या मध्याला. म्हणून दिवाळी उलटल्यानंतरचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा या काळात आपली मुले मोकळी असतात आणि तिकडची वर्गात. सोमवार ते गुरुवार यांतील वार धरला तर पाळण्यांपुढच्या रांगा आखूड असतात आणि लॉजवाला भाड्यात घासाघीस ऐकून घेतो. जूनमध्ये पाऊस येण्याचा संभव असतो. पण पाण्यात भिजायलाच निघालेल्या माणसाने त्याची फार धास्ती घेऊ नये.

सामानात एक गोष्ट विसरू नये. पाण्याच्या खेळांसाठी सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात. ते घरून नेले की तेथे विकत घेण्याचा खर्च टळतो. आणि खोली निवडताना कपडे वाळत घालायला गॅलरी किंवा गच्ची आहे का, ते पाहून घ्यावे; चौघांचे ओले कपडे पिशवीत कोंबून चोवीस तासांची रेल्वे करणे कोणाला रुचणार नाही.

शेवटच्या दिवशी परतीची गाडी बहुधा रात्री असते आणि खोली सकाळी सोडावी लागते. जादा दिवसाचे भाडे भरू नये. सामान स्थानकावरच्या सामानघरात ठेवून मेट्रोने लालबागेत जावे. हैदर अलीने १७६० साली ही बाग सुरू केली. तेथे एक उघडा खडक आहे, सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वीचा; केम्पेगौडाच्या नावाचा छोटा बुरूज त्याच्या माथ्यावर उभा आहे. मुले त्या खडकावर धावत चढतात, वरून शहर दिसते, आणि संध्याकाळचे चार तास कसे गेले हे कळत नाही. स्थानकावर मात्र गाडी सुटण्यापूर्वी तासभर आधी पोहोचावे.